गाणं पूर्ण करा, पण कोजागिरीला नको

प्रश्न : मी ३९ वर्षांची आहे, ऐरोलीत एकटी राहते. तीन वर्षांपासून नौपाड्यातल्या एका कराओके ग्रुपमध्ये गाते. दर शनिवारी संध्याकाळी सराव असतो. एका सहगायकाबरोबर माझी द्वंद्वगीतं लावतात आणि ती छान होतात. त्याच्याबद्दल मला काय वाटतं ते मी जूनमध्ये मेसेज करून सांगितलं. त्याचं उत्तर आलं, ‘मला तसं वाटत नाही. आपलं गाणं मात्र थांबायला नको.’ त्यानंतर काही घडलंच नाही असं आम्ही दोघंही वागतोय. पण सराव संपला की तो माइकच्या वायरी गुंडाळत बसतो आणि मी उगाच चपला शोधत दारात रेंगाळते. परवा लोकलमध्ये त्याचं रेकॉर्डिंग ऐकता ऐकता ऐरोली स्टेशन मागे गेलं. पुढच्या रबाळ्याला उतरले, तर समोर आलेली परतीची गाडीही बसल्या जागेवरून सोडून दिली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच रेकॉर्डिंग चालू असतं. मी एक गाणं लिहिलंय, मुखडा आणि पाच अंतरे, एका जुन्या हिंदी गाण्याच्या चालीवर. मुखडा असा :

तुझ्याविना हे जीवन माझे अधुरे अधुरे राहिले,
स्वप्नांच्या त्या वाटेवरती अश्रू माझे वाहिले.

अंतरा ‘तू हसलास की जग हे माझे’ असा सुरू होतो आणि तिथे मी दर वेळी अडखळते. शेवटच्या अंतऱ्यात ‘होशील का माझा’ असं विचारलंय. कोजागिरीच्या कार्यक्रमात कुणाचंही नाव न घेता हे गाणं म्हणावं असं मनात आहे. ज्याला कळायचं त्याला कळेल. गाणं सुधारायचं कसं? आणि म्हणू ना?

– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नमस्कार ताई,

आधी गाण्याचं बोलू. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर त्यातच मिळेल.

तुमचा मुखडा मात्रांना, म्हणजे अक्षर म्हणायला लागणाऱ्या वेळेच्या मापाला, चोख आहे. हौशी गीतकारांची पहिली पडझड तिथेच होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहोत. मोजून पाहा : ‘तुझ्याविना हे’ ८, ‘जीवन माझे’ ८, ‘अधुरे अधुरे’ ८, ‘राहिले’ ५. एकूण २९. दुसरी ओळही तशीच, ८-८-८-५. केरवा हा आठ मात्रांचा ताल, त्याची चार आवर्तनं (फेऱ्या) म्हणजे ३२ मात्रा. शेवटच्या आवर्तनात पाच मात्रांचा शब्द येतो आणि तीन मात्रा मोकळ्या राहतात. तेवढ्यात ‘ले’ लांबवता येतो आणि पुढच्या ओळीसाठी श्वासही घेता येतो. तुम्ही हे बोटांवर मोजून केलं नसेल, चालीने करवून घेतलं असेल. तरी कान तयार असल्याशिवाय ते होत नाही.

दुखणं शब्दांत आहे. जीवन, अधुरे, स्वप्नं, वाट, अश्रू. यातला एकही शब्द तुमच्या घरचा नाही, सगळे उसने आणलेले. हा मुखडा बेलापूरच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाने त्याच्या वर्गातल्या मुलीसाठी लिहिला असता तरी असाच झाला असता. शिवाय ‘हे’ आणि ‘त्या’ हे दोन शब्द निव्वळ दोन-दोन मात्रा भरायला आले आहेत. ‘त्या वाटेवरती’ म्हणजे कुठल्या? मागे कुठल्याच वाटेचा उल्लेख नाही. गीतात भरीचा शब्द आला की ऐकणाऱ्याचं लक्ष तिथेच सुटतं, मग पुढचे अश्रू कितीही खरे असोत.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. ऐरोली गेलं, रबाळ्याला उतरले, परतीची गाडीही सोडली. चपला शोधत दारात रेंगाळते. ही दोन वाक्यं तुमच्या पाचही अंतऱ्यांपेक्षा सरस आहेत आणि ती तुम्ही गाण्याबाहेर ठेवलीत! बहुतेक जण हेच करतात. गाणं लिहायचं म्हटलं की माणूस ठेवणीतली भाषा काढतो, आणि जे खरोखर झालं ते मैत्रिणीला सांगण्यापुरतं उरतं. ठाण्याचे नगराध्यक्ष राहिलेले जनकवी पी. सावळाराम यांची गाणी घराघरांत का पोचली, ते त्यांचे शब्द पाहिले की कळतं. माजघरात, ओसरीवर बोलली जाणारी भाषा त्यांनी चालीत बसवली.

तुमच्याच यमकाला धरून, तुमच्याच मापात, ही एक जोडी पाहा :

गाडी सुटली, ऐरोलीला उतरायाचे राहिले,
परतीच्याही गाडीला मग जाताना मी पाहिले.

मोजा. ‘गाडी सुटली’ ८, ‘ऐरोलीला’ ८, ‘उतरायाचे’ ८, ‘राहिले’ ५. खाली ‘परतीच्याही’ ८, ‘गाडीला मग’ ८, ‘जाताना मी’ ८, ‘पाहिले’ ५. म्हणजे तुम्ही मनात धरलेली लय जशीच्या तशी चालते. सोळा मात्रांनंतर, ‘ऐरोलीला’ झाल्यावर, चोरटा श्वास घ्यायलाही जागा आहे. ‘उतरायाचे’ हे मात्र ताणलेलं रूप आहे. बोलताना आपण ‘उतरायचे’ म्हणतो, त्याच्या सातच मात्रा होतात. भावगीतात अशी सवलत जुन्या काळापासून घेतात, पण एका गाण्यात एकदाच घ्यावी. दुसऱ्यांदा घेतली की गाणं शंभर वर्षांपूर्वीचं वाटायला लागतं. या ओळी तशाच उचला असं नाही. प्रेम, विरह, आठवण यातला एकही शब्द न वापरता ओळ किती सांगू शकते एवढंच दाखवायचं होतं. परतीची गाडी सोडून देणाऱ्या बाईला काय झालंय हे श्रोत्याला सांगावं लागत नाही.

अंतऱ्यात अडखळता त्याचं कारण अगदी छोटं आहे. ‘तू हसलास की’ या तुकड्याच्या मात्रा नऊ होतात : तू २, हसलास ५, की २. आवर्तन आठाचं. ती एक जादा मात्रा पुढच्या आवर्तनात सांडते, ‘जग’ समेवरून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरून, घसरतो आणि तिथून पुढे तुम्ही तबल्याच्या मागे धावत राहता. ‘तू हसल्यावर’ करा : तू २, ह १, स १, ल्या २, व १, र १. आठ. अडखळणं तिथल्या तिथे थांबेल.

मोजायची रीत थोडक्यात. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व असलेलं अक्षर एक मात्रा, दीर्घ असलेलं दोन. अनुस्वाराचा स्पष्ट उच्चार असेल तर दोन. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही दोन. म्हणून ‘अश्रू’मधला अ दोन मात्रांचा. पण ‘तुझ्या’, ‘हसल्या’ यांत आघात येत नाही, तिथे आधीचं अक्षर एकाचंच राहतं. आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती शब्दाच्या शेवटच्या अकाराशी. बोलताना आपण ‘मन’मधला न जवळजवळ गिळतो, गाताना मात्र तो पूर्ण एक मात्रा घेतो. ओळ लिहिली की चाल न लावता, टेबलावर टाळी देत, सपाट वाचायची. अडखळली तर चुकली. चाल लावून तपासाल तर आवाज चुका झाकतो. या विषयात खोल जायचं असेल तर माधव जूलियन यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ आहे. जाडजूड आहे, सलग वाचायचा नाही, मात्रावृत्तांचा भाग तेवढा चाळायचा. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे चौकशी करून पाहा.

पाच अंतऱ्यांचे दोन करा. यमकच ते सांगतं आहे. अंतऱ्याची शेवटची ओळ ध्रुवपदाला, म्हणजे मुखड्याला, मिळवायची असते, आणि ‘राहिले’, ‘पाहिले’ला जुळणारे धडके शब्द आणखी दोनच उरतात : ‘वाहिले’ आणि ‘साहिले’. तिसऱ्या अंतऱ्यापासून तुम्ही तेच शब्द परत आणणार किंवा ‘लिहिले’ घुसवणार, आणि ‘लिहिले’ कानाला जुळत नाही. ‘वाहिले’ घेताना अश्रू टाळा. ओझंही वाहतात, फूलही वाहतात. वेळेचा हिशोबही करा. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक आवर्तन तीन सेकंदांचं आणि एक ओळ बारा सेकंदांची होते. मुखडा दोनदा म्हटला की ४८ सेकंद. चार ओळींचा अंतरा आणि परत ध्रुवपदाची एक ओळ, हे एक मिनिट. दोन अंतऱ्यांचं गाणं तीन मिनिटांच्या आत बसतं, पाच अंतऱ्यांचं सहा मिनिटांना टेकतं, तेही मधलं संगीत न धरता. दुःखाचं गाणं सहा मिनिटं ऐकायला श्रोता फार प्रेमळ लागतो.

वायरीचा अंतरा तुम्ही लिहायचा. सुरुवात करून देतो : ‘वायर कोणी गुंडाळावी’. या झाल्या सोळा मात्रा, पुढच्या तेरा तुमच्या. दारातल्या चपला तिथे येऊ द्या. चपलांना लाजू नका.

आता ‘तू’कडे येऊ. तुमच्या गाण्यात ‘तू’ आहे, ‘हसलास’ आहे, शेवटी ‘होशील का माझा’ आहे. ऐकणाऱ्याला तीन गोष्टी लगेच कळतात : गाणारी बाई आहे, ज्याच्याशी बोलतेय तो पुरुष आहे, आणि त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा आहे. नाव न घेता म्हणणार म्हणता, पण क्रियापदं नाव घेतात. मराठीत हे लपवायची सोय आहे आणि गीतकार ती मुद्दाम वापरतात. ‘मी थांबते’ म्हटलं की बाई कळते, ‘मी पाहिले’ म्हटलं की काहीच कळत नाही. ‘तू हसलास’मध्ये पुरुष दिसतो, ‘तू हसल्यावर’मध्ये कुणीही असू शकतं. वरच्या दोन ओळी कुणीही गाव्यात, कुणासाठीही, त्यात एक शब्द बदलावा लागणार नाही.

त्याहून चांगलं म्हणजे ‘तू’ काढूनच टाका. आपल्याकडे विरहाचं गाणं ज्याच्यासाठी झुरतो त्याला उद्देशून असायलाच हवं असं कधीच नव्हतं. गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहात पुष्कळ ठिकाणी बोलणारी स्त्री असते आणि ती सखीशी बोलते, सासूशी बोलते, वाटसरूशी बोलते. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत शकुन सांगायला कावळा येतो. लावणीतली नायिकाही किती वेळा आपलं गाऱ्हाणं सखीपुढेच मांडते. उर्दू गझलेत तर प्रिय व्यक्तीला पुल्लिंगी क्रियापद लावायचा संकेतच आहे, त्यामुळे नेमकं कुणाबद्दल चाललंय ते झाकलेलं राहतं. यात नुसती मर्यादा नाही, कसब आहे. ज्याच्याकडे मागायचं त्याच्याशीच बोलत राहिलं की गाण्याचा अर्ज होतो. अर्जात मागणी मोठी आणि माणूस लहान दिसतो. तिसऱ्याशी बोललं की मागणी गळते आणि झालं ते सांगायला जागा मिळते. तुम्ही सखीशी बोला, रबाळ्याच्या फलाटावरच्या बाकाशी बोला. कोजागिरीच्या चंद्राशी मात्र नको. त्या रात्री त्याच्याशी बोलणारे निदान सहा जण असतील.

‘होशील का माझा’ असलेला पाचवा अंतरा पूर्ण काढा. त्याला मात्रांचं कारण शोधू नका. तो प्रश्न जूनमध्ये विचारून झाला आहे आणि त्याचं उत्तर आलं आहे.

त्या उत्तराबद्दल. त्याची दोन वाक्यं आहेत. पहिलं तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसरं गाण्याबद्दल आहे. तुम्ही पहिलं वाचून दुसऱ्यात मुक्काम केला आहे, असं पत्रावरून दिसतं. ‘थांबायला नको’मध्ये दार किलकिलं ठेवल्यासारखं वाटतं, पण तसं ते नाही. ग्रुपमध्ये अवघडलेपण येऊ नये म्हणून सभ्य माणूस जे म्हणेल तेच त्याने म्हटलं. त्याने तुम्हाला टोलवलं नाही, टांगतंही ठेवलं नाही, वेळेवर आणि साफ सांगितलं. असं उत्तर फार थोड्यांना मिळतं. बाकीचे ‘बघू’, ‘आत्ता नको’ यांच्यावर वर्ष-वर्ष काढतात.

म्हणून कोजागिरीला हे गाणं म्हणू नका. दोन अंतऱ्यांचं, ‘तू’ काढलेलं, सुधारलेलं असलं तरीही नको, या वर्षी तरी नको.

तिथे काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. एखाद्या गच्चीवर वीस-पंचवीस माणसं. तीन वर्षं एकत्र गाणाऱ्या ग्रुपला कोण कुणाकडे पाहतं हे माहीत नसतं असं समजू नका. मुखडा संपेपर्यंत चार माना त्याच्याकडे वळतील. त्याच्यापुढे मग तीन वाटा उरतात : टाळ्या वाजवायच्या, फोनमध्ये डोकं घालायचं किंवा उठून जायचं. तिन्ही तुम्हाला लागतील आणि त्यालाही. कुणीतरी व्हिडिओ काढणार, तो घरी पोचायच्या आत ग्रुपवर येणार, त्याखाली बदामांची रांग लागणार. नकार एकदा एकांतात झेलला होता, तोच आता जाहीर झेलावा लागेल, आणि या वेळी तो कुणी शब्दांत देणारही नाही. एक उलट विचारही करा. नकार मिळाल्यावर एखाद्या पुरुषाने भर कार्यक्रमात बाईकडे पाहत असं गाणं म्हटलं असतं, तर तुमच्या ग्रुपमधल्या बायका त्याला काय म्हणाल्या असत्या? तुमचा हेतू निर्मळ आहे याबद्दल शंका नाही. पण समोरच्याला भर मंडळीत कोंडीत धरणं हे हेतूवर ठरत नाही.

खरी कळ मात्र कोजागिरीत नाही, शनिवारात आहे. दर आठवड्याला तो माणूस तुमच्या शेजारी उभा राहून प्रेमाच्या ओळी म्हणतो. सरावात एकेक गाणं चार-पाचदा होतं. नकार देणाऱ्याच्याच तोंडून, त्याच्याच आवाजात, तालासुरात, ‘तूच माझी’ छापाचं काहीतरी पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि घरी जाऊन त्याने ‘नाही’ म्हटलंय हे लक्षात ठेवायचं, हे कुणालाही जमणार नाही. मनाला समजतं, कानाला नाही. (तो तुमच्याकडे पाहून गातो असं वाटत असेल, तर एकदा नीट बघा. कराओकेत पुरुषांचे डोळे बहुतेक वेळ पडद्यावरच्या रंग बदलणाऱ्या अक्षरांवर असतात.)

तेव्हा निदान सहा महिने त्याच्याबरोबर द्वंद्वगीत नको. ग्रुप सोडू नका, तिथे तुमची माणसं आहेत आणि गाणं आहे. संयोजकांना कारण सांगायचं तर खरं आणि तांत्रिक असं एक कारण तयार आहे : पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कुठे धरायचा ते. जुन्या द्वंद्वगीतांचे ट्रॅक मूळ गायिकेच्या उंच आवाजाला धरून असतात. तुमच्यासाठी ट्रॅक तीन अर्धस्वर खाली आणला की त्याच्या ओळी खर्जात जाऊन पुटपुटल्यासारख्या होतात, त्याच्या सोयीने ठेवला की तुम्हाला तार सप्तकात ओरडावं लागतं. बाई आणि पुरुष यांच्या सोयीच्या पट्ट्यांत साधारण चार-पाच स्वरांचं अंतर असतं, आणि एका ट्रॅकवर दोघांचं भागवताना कुणातरी एकाचा घसा जातो. ‘काही महिने एकल गाणी करायची आहेत, माझ्या पट्टीत’ एवढं सांगितलं की पुरे. कुणी त्यावर खोदून विचारत नाही. फार आग्रह झालाच तर दुसऱ्या गायिकेबरोबर दोन बायकांचं गाणं घ्या. त्यालाही वेगळं कळवायची, समजूत घालायची गरज नाही.

सराव संपला की वायर गुंडाळून होईपर्यंत थांबू नका. चपला कुठे काढल्या ते आधीच लक्षात ठेवा, आणि स्टेशनकडे निघणाऱ्या पहिल्या घोळक्याबरोबर निघा. क्षुल्लक वाटेल, पण आठवड्याभराचं झुरणं त्या दहा मिनिटांवर पोसलं जातं. काही तरी बोलणं होईल या आशेवर उभं राहायचं, ‘चला, भेटू’ एवढंच पदरात पडायचं, आणि मग त्या दोन शब्दांचा अर्थ लावत आठवडा काढायचा.

रेकॉर्डिंगचं असं करा. सगळी एका पेनड्राइव्हवर घेऊन मैत्रिणीकडे ठेवा आणि फोनमधून काढा. पुसून टाका असं म्हणत नाही, ते कुणी करत नाही आणि केलं तरी ग्रुपवरून परत उतरवून घेतं. गाडीत ऐकायचंच असेल तर वादन ऐका, शब्द नसलेलं. ठाणे ते ऐरोली प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा आहे, तेवढ्यात बासरीची एक धून होते. रात्री अकरानंतर गाणं बंद. विरहाचं गाणं संध्याकाळी ऐकलं तर हलकं वाटू शकतं. तेच रात्री दोनला, तिसऱ्यांदा, अंधारात ऐकलं की एकाच विचाराचं दळण सुरू होतं. रात्रीची जागरणं लांबली, जेवणावरचं मन उडालं, कामात चुका व्हायला लागल्या, तर गाण्यावर भिस्त ठेवू नका. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथे बोलायला कुणी खूप आजारी असावं लागत नाही.

मग गाण्याचं काय करायचं? पूर्ण करायचं. आधी चाल बदला. जुन्या हिंदी गाण्याच्या चालीवर शब्द बसवले की ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ शब्द वाजत राहतात आणि तुमचे त्याखाली दबतात. शिवाय ती चाल संगीतकाराची आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. घरात गुणगुणायला कुणाची हरकत नाही, पण उद्या यूट्यूबवर टाकलंत तर दावा येऊ शकतो. तुमचे शब्द मात्र लिहिल्या क्षणापासून तुमचे आहेत, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. वहीत तारीख घालून ठेवा.

नवी चाल अवघड नाही. फोनवर तानपुरा आणि केरव्याचा ठेका लावा. पट्टी पेटीवरच्या काळी चारपासून धरा; वरच्या स्वराला मान ताठ झाली तर पांढरी पाच, तरीही ताण वाटला तर काळी तीन. पट्टी नेहमी गाण्यातल्या सर्वांत वरच्या स्वरावरून ठरवायची, खालच्यावरून नाही. राग शिवरंजनी घेऊ नका. तो हाताशी असतो आणि पटकन रडवतो, पण शब्द आधीच उदास असताना चालही उदास झाली की गाणं लाचार वाटतं. खमाज किंवा पहाडी घेऊन बघा. ‘परतीच्याही गाडीला मग’ ही ओळ किंचित हसऱ्या चालीत म्हटली तर जास्त लागेल. ओळीचा पहिला ठसठशीत शब्द समेवर पडू द्या. ‘गाडी’ समेवर हवा. समेवर ‘हे’ किंवा ‘त्या’ आला तर ओळ पुन्हा लिहा.

रेकॉर्डिंग घरीच करा. पंखा बंद, फोन विमान मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गा. कपडे घुमारा शोषून घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका, त्याच रात्री नको. मग एका मैत्रिणीला ऐकवा, तिला कुणाबद्दल आहे ते न सांगता, आणि कुठली ओळ लक्षात राहिली तेवढंच विचारा. तिने ‘छान आहे’ म्हटलं तर अजून काम बाकी आहे. तिने रबाळ्याचं काही विचारलं तर गाणं झालं. पुढे ठाण्यात किंवा वाशीत एखाद्या काव्यकट्ट्यावर, जिथे तुमच्या ग्रुपमधलं कुणी नसेल, तिथे म्हणा. दुसऱ्या कुणाला गायलाही देऊन बघा. आपले शब्द परक्या गळ्यातून ऐकले की कुठे खरं आहे आणि कुठे कुरवाळलंय ते चटकन कळतं.

त्याच्यासमोर कधी? तो हॉलमध्ये आहे की नाही याने तुमची लय हलणार नाही तेव्हा. तोवर वहीत राहू द्या.

आणि कोजागिरीला गायचं सोडू नका. ज्यात प्रेमाची मागणी नाही असं एखादं एकल गाणं, तीन-साडेतीन मिनिटांचं, आपल्या पट्टीत बसवून घ्या. सराव चार शनिवार पुरतो. यादीत पहिल्या तिनांत नंबर मागून घ्या, मसाला दूध वाटायच्या आत. आटवलेलं दूध घशाला साय धरल्यासारखं बसतं, आणि मग वरचा षड्ज लावताना आवाज फाटतो.